थंडीत टिकणारं पीच: कोणती जात लावू?

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

परसात पीचचं एक झाड आहे. चार वर्षांपूर्वी आणलं तेव्हा त्याला 'हार्डी' अशी चिठ्ठी होती. जातीचं नाव होतं की नाही ते आठवत नाही, चिठ्ठी पहिल्याच पावसाळी वाऱ्यात उडून गेली. झाड झकास वाढलंय, माझ्या डोक्याच्या वर गेलंय. फळ मात्र एकही नाही. आमच्याकडे बहुतेक हिवाळ्यांत पारा उणे २३-२४ सेल्सियसला टेकतो, एखाद्या वर्षी उणे २६.

आता हे उपटून खरोखर थंडी सोसणारी जात लावायची आहे. जागा तीन आहेत. घराच्या दक्षिण भिंतीलगत, जिथे बर्फ सगळ्यांत आधी वितळतो. परसाच्या तळाशी कुंपणाजवळ, जिथली माती सगळ्यांत चांगली आहे (सध्याचं झाड तिथेच आहे). आणि वर चढावर, जिथे उघडं आहे आणि वारा लागतो. मला भिंतीजवळची जागा सगळ्यांत योग्य वाटते. जात कोणती घेऊ?

उत्तरवारा

रिलायन्स. डोळे झाकून. १९६४ साली न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने काढलेली जात आहे, थंड मुलखासाठीच. माझ्याकडे नऊ वर्षं आहे.

गोडघाशी

रिलायन्सचं झाड जगतं हो, पण फळ खाल्लंय का कधी? मऊ, जरा पाणचट, सालीला रंग नाही. मी दोन हंगाम खाल्ली आणि कंटेंडर लावलं. चवीत जमीन-अस्मानाचा फरक.

उत्तरवारा

खाल्लंय, दर वर्षी खातो. झाडावर पूर्ण पिकू दिलं तर वाईट नाही. अर्धवट पिकलेलं काढलं तर कुठलंही पीच पाणचटच लागणार. आणि नसलेल्या गोड फळापेक्षा असलेलं बरं फळ बरं.

खुरपं

भांडण थांबवा, आधी ताईंना एक विचारू द्या. अंगणवेल, झाडाला फूल येतं का? आलं तर किती, आणि झाडाच्या कुठल्या भागावर?

अंगणवेल

खुरपंकाका, फुलं येतात, पण गंमतच आहे. खालच्या दोन-तीन फांद्यांवरच येतात, जेमतेम गुडघ्यापर्यंत. वरचं झाड नुसती पानं. पहिल्यांदा वाटलं झाड लहान आहे म्हणून असेल. मागच्या वर्षीही तसंच. आणि जी फुलं आली त्यांना फळ धरलं नाही.

खुरपं

गुडघ्यापर्यंत म्हणजे हिवाळ्यात बर्फ साधारण जिथवर साचतो तिथवर, बरोबर? मग उत्तर झाडानेच लिहून ठेवलंय. बर्फाखाली गाडलेल्या फांद्यांवरच्या कळ्या वाचल्या, बर्फाच्या वरच्या भर हिवाळ्यात मेल्या. बर्फ म्हणजे रजई असते.

लोक इथेच फसतात. 'हार्डी' ही चिठ्ठी झाडाच्या लाकडाबद्दल बोलते. फुलकळी लाकडापेक्षा नाजूक असते. पीचची फुलकळी भर हिवाळ्यात साधारण उणे २३ ते २६ सेल्सियसला मरायला लागते, लाकूड त्याहून काही अंश खाली तग धरतं. म्हणजे तुमच्या थंडीत झाड हसतखेळत जगेल आणि फळ कधीच देणार नाही. हे झाड 'हार्डी' आहे, यात चिठ्ठी खोटं बोलली नाही.

कळी गोठण्याची पद्धतही वेगळी आहे. तिच्या आतलं पाणी शून्याखाली गेलं तरी लगेच बर्फ होत नाही, ते द्रवच राहतं, खूप खालपर्यंत. पण एक हद्द आली की एका क्षणात गोठतं आणि कळी संपते. म्हणून कळीच्या बाबतीत थोडीशी थंडी बाधली असा प्रकार नसतो. एक तर जगली किंवा मेली. शेजारच्या दोन कळ्यांची हद्द एक-दोन अंशांनी वेगळी असते म्हणून काही वाचतात, एवढंच.

पानगळ

काका, माझं उलट आहे. माझं झाड नखशिखान्त फुलतं, बघणारे थांबून फोटो काढतात. आणि दर वर्षी त्यानंतर आठवडाभरात एक गोठवणारी रात्र येते, सगळं तपकिरी. आमच्याकडे थंडी ताईंपेक्षा कमीच असते, उणे १८ च्या खाली क्वचित जातं.

खुरपं

तुमच्या झाडाचं मरण वेगळं आहे, म्हणून तुमची जातही वेगळी लागेल. ताईंच्या कळ्या झोपेत मरतात, तुमच्या जाग्या झाल्यावर. जात निवडायच्या आधी हे एवढं शोधून काढावं. मग अर्ध्या जाती आपोआप गळतात.

झोपलेली कळी उणे २३ सोसते. फुगायला लागली की उणे ८ लाच काही मरायला लागतात. गुलाबी टोक दिसलं की उणे ४. पूर्ण उमललेल्या फुलांपैकी दहातलं एक उणे २.७ ला जातं आणि उणे ४.४ ला दहातली नऊ जातात. म्हणजे फुलोऱ्यात असताना दोन अंशांत सगळा खेळ संपतो.

शंकेखोर

दहातली नऊ गेली म्हणजे सगळं गेलंच की.

खुरपं

नाही गेलं! पीच गरजेपेक्षा कैक पट फुलतं. दहा-पंधरा टक्के फुलांना फळ धरलं तरी झाड भरतं. जास्त धरलं तर आपणच तोडून टाकतो. त्यामुळे 'कळ्या मेल्या' हे ऐकून घाबरायचं नाही, किती उरल्या ते मोजायचं.

मोजायची रीत सोपी. कडाक्याची रात्र झाली की एक दिवस जाऊ द्या. वेगवेगळ्या उंचीवरून मागच्या वर्षी वाढलेल्या चार-पाच काड्या कापून आणा. पीचच्या पेऱ्यावर बहुधा तीन डोळे दिसतात, मधला बारीक टोकदार तो पानाचा, बाजूचे दोन गुबगुबीत ते फुलांचे. धारदार ब्लेडने फुलाचा डोळा आडवा कापा. मध्यभाग हिरवा असेल तर जिवंत. मधोमध काळा-तपकिरी ठिपका असेल तर गेला. शंभर डोळे कापा, पंधरा मिनिटांचं काम आहे. भिंग असेल तर सोपं.

अंगणवेल

आत्ता करून आले. पस्तीस डोळे कापले. खांद्याच्या उंचीवरचे सगळेच्या सगळे काळे. बर्फाखालून उकरून काढलेल्या काडीवरचे आठपैकी सहा हिरवे. काका, तुम्ही ज्योतिषी आहात.

उत्तरवारा

म्हणजे रिलायन्स. मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो :)

गोडघाशी

कंटेंडरच्या कळ्याही थंडीला चांगल्याच कणखर आहेत. शिवाय उशिरा फुलते, शिवाय बी गरापासून सुटं होतं, शिवाय गर कापल्यावर लवकर काळा पडत नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाची जात आहे, तिथे उशिराच्या गोठवणाऱ्या रात्रींचाच त्रास. म्हणजे पानगळला तर हीच हवी.

मृद्गंध

नवशिकी आहे, एक बाळबोध प्रश्न. नॉर्थ कॅरोलायना तर उबदार. उबदार ठिकाणची जात थंडीत कशी टिकते? आणि हे 'चिल अवर्स' काय असतं? ज्यांच्याकडे थंडीच थंडी आहे त्यांनी त्याची काळजी का करावी?

खुरपं

बाळबोध मुळीच नाही, फार मोलाचा प्रश्न आहे. शून्य ते सात सेल्सियसच्या मधले तास पीच मोजत बसतं. ठराविक तास भरले की त्याची गाढ झोप संपते, मग नुसतं ऊब मिळण्याची वाट. शून्याखालचे तास या हिशेबात धरत नाहीत. कंटेंडरला साधारण १०५० तास लागतात. उबदार मुलखासाठी काढलेल्या काही जातींना दोनशे-तीनशे पुरतात.

आता अशी कमी तासवाली जात थंड ठिकाणी लावली तर काय होईल? तिचे तास हिवाळा सुरू होता होताच भरतात. मग भर हिवाळ्यात चार दिवस ऊन पडलं की ती फसते, वसंत आला समजून कळ्या फुगवते, आणि पाचव्या दिवशी पुन्हा उणे वीस. म्हणून थंड ठिकाणच्याने जास्त तासांची जात घ्यायची. ज्यांच्याकडे थंडीचा तुटवडा नाही, त्यांच्यासाठी हा आकडा झोप किती गाढ आहे ते सांगतो.

जात कुठे जन्मली यापेक्षा कशाच्या जाचातून निवडली गेली ते बघावं. नॉर्थ कॅरोलायनात वसंत लहरी असतो, उशिरा फुलणारी झाडंच तिथे फळ देतात, म्हणून तशी जात निवडली गेली.

शंकेखोर

रेडहेवनचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? सगळीकडे तीच विकतात.

खुरपं

विकतात कारण चांगली आहे. १९४० मध्ये मिशिगनमधल्या साउथ हेवनच्या संशोधन केंद्रातून स्टॅन्ली जॉन्स्टन यांनी ती बाहेर आणली, आणि आजही दुसऱ्या जाती कधी पिकतात ते 'रेडहेवनच्या इतके दिवस आधी' किंवा 'नंतर' असंच सांगतात. चव, रंग, टिकाऊपणा, सगळं आहे. थंडीही बऱ्यापैकी सोसते. पण उणे २४ रोजचं असेल तिथे मी तिच्या भरवशावर राहणार नाही. उणे २० पर्यंतचा हिवाळा असेल तर खुशाल लावा.

पानगळ, तुमच्यासाठी आणखी एक नाव, मॅडिसन. व्हर्जिनियातली जुनी जात, फुलोऱ्यातला गारठा सोसण्याबद्दल तिचं नाव आहे. कॅनडातल्या ओंटारियोतही थंडीचं पीच काढायचं बरंच काम झालंय, तिथल्या हॅरोच्या केंद्रातल्या बऱ्याच जातींची नावं 'हॅर'पासून सुरू होतात. व्हेटरन ही तिकडचीच, व्हाइनलँडची जुनी जात. यातलं जे हाताशी मिळेल ते.

बी_पेरा

मी म्हणतो कलम हवंच कशाला? खाल्लेल्या पीचची बी फोडा, आतला गर ओल्या कोको पीटमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये तीन महिने ठेवा, कोंब येतो. तीन-चार वर्षांत फळ. पीच बियांपासूनही आईसारखं बऱ्यापैकी निघतं, सफरचंदासारखा जुगार नाही.

खुरपं

जुगार कमी आहे, पण आहेच. आणि उबदार ठिकाणाहून आलेल्या फळाची बी असेल तर थंडीचा प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर. जागा भरपूर असेल तर मजा म्हणून जरूर करा.

मृद्गंध

माझ्याकडे फक्त गच्ची आहे. बुटकं पीच कुंडीत?

उत्तरवारा

जमतं, पण हिवाळ्यात कुंडी आत घ्यावी लागेल. फांद्यांपेक्षा मुळं नाजूक असतात, जमिनीत ती मातीच्या पांघरुणाखाली असतात, कुंडीत चहूबाजूंनी उघडी. न तापवलेलं पण फार न गोठणारं गॅरेज उत्तम. आणि बोनान्झासारख्या बुटक्या जाती कमी तासवाल्या आहेत, वर काकांनी सांगितलेला घोळ होतो.

अंगणवेल

आता जागेचं सांगा. दक्षिण भिंत ना?

खुरपं

नाही. आणि हे सांगताना मला स्वतःचाच राग येतो, कारण माझं पहिलं पीच मी असंच भिंतीला लावलं होतं. भिंत दिवसभर ऊन पिते, झाड शेजाऱ्यांच्या झाडांच्या आठ-दहा दिवस आधी जागं होतं, आणि मग पानगळसारखी तपकिरी फुलं बघत बसायचं. सहा वर्षांत एकदाच फळ मिळालं. त्याच वर्षी वसंत उशिरा आला होता, भिंतीचा त्यात काही वाटा नव्हता.

तळाची जागा तर सगळ्यांत वाईट. थंड हवा जड असते, निवांत रात्री पाण्यासारखी उतारावरून वाहत खाली येते आणि कुंपणाशी अडून तुंबते. तुमच्या झाडाच्या कळ्या मरण्यात जातीइतकाच त्या खड्ड्याचा हात असणार. विश्वास नसेल तर दोन स्वस्त थर्मामीटर घ्या, एक तळाशी, एक वर चढावर, काठीला कमरेच्या उंचीवर बांधा. वारा नसलेल्या निरभ्र रात्रीनंतर सकाळी दोन्ही वाचा.

अंगणवेल

(चार दिवसांनी) तळाशी उणे २१.५, वर उणे १८. घर एकच, परस एकच! मला वाटत होतं वारा लागतो म्हणून वरची जागा थंड.

खुरपं

साडेतीन अंश म्हणजे एका जातीचा फरक. फुकटात मिळाला.

वरच लावा. उतार उत्तरेकडचा असेल तर फारच छान, माती उशिरा तापते आणि फुलोरा मागे सरकतो. फक्त पाणी तुंबत नाही ना ते बघा. ढोपरभर खड्डा खणून बादलीभर पाणी ओता, मुरू द्या, पुन्हा ओता. दुसरी बादली दुसऱ्या दिवशीही दिसत असेल तर तिथे उंचवटा करून त्यावर लावा. पीच थंडीपेक्षा ओल्या पायांनी जास्त मरतं असं माझं मत आहे. (कुणाला वाद घालायचा असेल तर घाला.)

शंकेखोर

वाद नाही, प्रश्न. खुंट कोणता?

खुरपं

वा, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. खुंट म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात ते खालचं झाड. वरची जात कितीही कणखर असो, मुळं खुंटाची असतात. थंड मुलखात बेली हा खुंट भरवशाचा. सायबेरियन सी म्हणून कॅनडातला एक आहे, तो सलग थंडी असेल तिथे छान. पण मध्येच ऊन-मध्येच गारठा असा हिवाळा असेल तर लवकर जागा होतो. कलम घेताना खुंटाचं नाव विचारा. विकणाऱ्याला माहीत नसेल तर दुसरीकडे जा. जो खुंटाचं नाव सांगू शकत नाही, त्याने जातीचं नावही अंदाजानेच लिहिलेलं असू शकतं.

लावताना कलमाचा सांधा जमिनीच्या बोट-दोन बोटं वर राहू द्या. हिवाळ्यापूर्वी खोडाला पांढरा पाण्यातला रंग अर्धं पाणी घालून फासा, विशेषतः नैऋत्येच्या अंगाला. दुपारच्या उन्हाने साल तापते आणि सूर्य गेला की फटकन गोठते, मग उभी भेग पडते. ससे-उंदरांसाठी जाळी. अर्धा उन्हाळा उलटल्यावर नत्राचं खत बंद, नाहीतर कोवळी वाढ तशीच हिवाळ्यात शिरते.

आणि छाटणी हिवाळ्यात नाही म्हणजे नाही. कळ्या गुलाबी दिसायला लागल्या की करा. कापलेलं झाड थंडीला हळवं होतं, आणि हिवाळ्यातल्या जखमा भरत नाहीत, त्यांतून खोडाला रोग शिरतो, डिंक गळतो. उशिरा छाटल्याने आणखी एक फायदा, किती कळ्या वाचल्यात ते बघून हात चालवता येतो. कळ्या कमी असतील त्या वर्षी कमी कापा. पीचला फळ मागच्या वर्षीच्या काडीवरच येतं, त्यामुळे अजिबात न कापणंही चालत नाही. पाच वर्षं न छाटलेलं पीच म्हणजे शेंड्याला चार फळं आणि खाली झाडू.

गोडघाशी

पानं आकसून लाल फोड येतात त्यासाठी तांब्याची फवारणीही सांगा. पानगळीनंतर किंवा कळी फुगण्याआधी. फोड दिसल्यावर फवारून काही उपयोग नाही, मी तीन वर्षं तेच करत होते.

अंगणवेल

जुन्या झाडाचं काय करू? उपटवत नाही हो. चार वर्षं पाणी घातलंय.

खुरपं

मग उपटू नका. त्याची मुळं तुमच्या मातीत चार हिवाळे काढून बसली आहेत, असा खुंट विकत मिळत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी साल सुटी होते तेव्हा उत्तरवारांकडून रिलायन्सच्या दोन काड्या मागवा आणि खालच्या फांद्यांवर डोळे भरा (म्हणजे सालीत चीर देऊन रिलायन्सचा डोळा आत बसवा), बर्फाच्या पातळीच्या आत. आपोआप पांघरूण.

उत्तरवारा

पाठवतो. ओल्या कापडात गुंडाळून. ताई, पत्ता खासगी निरोपातून द्या.

पानगळ

माझ्या फुललेल्या झाडासाठी काही तातडीचं? दोन आठवड्यांत फुलेल. उपटून वर न्यायला ते आता मोठं झालंय.

खुरपं

जुन्या चादरी शिवून मोठं पांघरूण करा. ते जमिनीपर्यंत टेकलं पाहिजे, कारण ऊब मातीतून येते, झाडातून नाही. फक्त शेंड्यावर टोपी घालून उपयोग नसतो. दुपारी माती ओली करून ठेवा, ओली माती जास्त ऊब धरते. आत जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब सोडला तर एक-दोन अंश मिळतात, आणि फुलोऱ्यात तेवढेच हवे असतात. कापडाला बल्ब लागू देऊ नका. सकाळी काढून ठेवा, मधमाशांना वाट हवी. पीचला जोडीचं झाड लागत नाही, एकटंही फळतं, पण माशी आली तर बरंच. जे. एच. हेलसारख्या एखाद-दुसऱ्या जातीलाच जोडी लागते.

अंगणवेल

तीन वर्षांनी धागा वर काढतेय, कारण सांगायचं राहून गेलं असतं.

वर चढावर कंटेंडर लावलं, बेलीच्या खुंटावर. गोडघाशी, तुमचं ऐकलं. उत्तरवारा, रागावू नका, जुन्या झाडावर तुमचे चार डोळे भरले, दोन जगले. या हिवाळ्यात एका रात्री वर चढावर उणे २४ झालं, तळाशी उणे २७. दुसऱ्या दिवशी ब्लेड घेऊन बसले. कंटेंडरचे शंभर डोळे कापले, चौसष्ट काळे, छत्तीस हिरवे. पूर्वीची मी असते तर त्याच दिवशी रडले असते.

फुललं, पांघरूण एकदाच घालावं लागलं. फळं एवढी धरली की विरळणी करायला बसले तेव्हा हात उचलेना. चार वर्षं एका फळाची वाट बघायची आणि आता दीडशे हिरवी फळं खुडून मातीत टाकायची! नवऱ्याने मोजपट्टी धरली, वीतभर अंतरावर एक, आणि मी डोळे मिटून तोडली. बेचाळीस ठेवली.

रिलायन्सच्या दोन फांद्यांवर मिळून सात आहेत. बर्फाखाली होत्या त्या.

उत्तरवारा

सातही झाडावर पूर्ण पिकू द्या. देठाजवळचा हिरवा रंग जाऊन पिवळा झाला की मग हात लावा. आणि चव कशी लागली ते इथे, गोडघाशींसमोर लिहा.

गोडघाशी

बेचाळीस विरुद्ध सात, वाट बघते आहे.

शंकेखोर

खारींचं काय करणार आहात?

अंगणवेल

अरे देवा.